सावेरियोचा घाम

रुमालाचं एक टोक वर आलं होतं. पांढरा रुमाल, कडेनं निळ्या दोऱ्याची वेल, लेकीनं, रोझारियानं, शाळेत असताना भरलेली... काल तर आपण तो चारही बाजूंनी नीट बसवला होता, नुन्झियाला पक्कं आठवत होतं, कारण काल ती रागात होती आणि रागात तिचे हात फार नीट चालतात. मग टोक कुणी उचललं? तिची नजर टोकावरून वर सरकली. कवटीचं तोंड तिच्याकडे होतं.

काल तिनंच ते भिंतीकडे फिरवलं होतं. शिक्षा म्हणून. नेपल्समध्ये यात कुणाला वावगं वाटत नाही – नवसाला न पावणाऱ्या संतालाही इथल्या बायका तोंड फिरवून ठेवतात, शिव्या घालतात आणि दुसऱ्या दिवशी फुलं घेऊन हजर होतात – मग हे तर बेवारशी डोकं, कुठल्याशा जुन्या प्लेगात मेलेल्या कुणाचं तरी, चर्चखालच्या तळघरात इतरांबरोबर रचून ठेवलेलं. ज्याला कुणी नाही असा एक निवडायचा, पुसायचा, रुमालावर बसवायचा, मरणापलीकडे पापं जाळणाऱ्या आगीत त्याला गारवा मिळो म्हणून मेणबत्ती लावायची. आणि त्यानं आपलं काम करायचं. पावला की कवटीला घाम फुटतो. कोरडी राहिली तर नाही म्हणाला असं समजायचं आणि दुसरी बघायची. सावेरियो हे नाव त्यानंच स्वप्नात येऊन सांगितलं होतं.

"फिलुमेना, याला हात कुणी लावला गं?"

जिन्याच्या पायथ्याशी मेणबत्त्या विकणारी फिलुमेना खुदकन हसली. "तुझ्या म्हाताऱ्याला? मला माझा घरचा आवरेना, तुझा कशाला फिरवू?"

"थट्टा नको."

"देवाशपथ, सकाळपासून खाली कुणी नाही. ही परदेशी जोडी आत्ता तर उतरतेय."

कॅमेरा गळ्यात घातलेला एक उंच माणूस नि त्याची बायको, बरोबर वाटाड्या. बाईंनी बोहेमियात हाडांची झुंबरं पाहिलीत, वाटाड्या फिलुमेनाला कौतुकानं सांगत होता, पोर्तुगालात हाडांच्या भिंती पाहिल्यात, पण तिथं सगळं कसं शिस्तीत. इथं म्हणे परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतं. वाटणारच, नुन्झियाच्या मनात आलं. त्या झुंबरांकडे कुणी काही मागितलेलं नसतं. नुसतं पाहायला येणाऱ्यांचं बरं असतं बाई, पाहिलं की निघाले पुढच्या गावाला... तिला त्या बाईचा हेवा वाटला.

रोझारियाची दोन बाळं पोटातच गेली. तिसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा नुन्झियानं सावेरियोला धरलं आणि तेव्हापासून रोज तेच, मूल दे, जिवंत मूल दे... तो मात्र ठणठणीत कोरडा. काल पोरीला कळा सुरू झाल्या, तशी ती इथं धावत आली आणि तोल सुटला. हाडक्या, एवढ्या मेणबत्त्या खाल्ल्यास, लाज नाही वाटत? मूल दे, आणि बदल्यात हवं ते घे! – आणि दिलं तोंड फिरवून.

हवं ते.

आज सकाळी इस्पितळात जावई आनिएल्लो बाकावर संत्रं सोलत बसला होता, सोलून झालं तरी खात नव्हता. नर्स आली. बाळाचे ठोके चांगले आहेत म्हणाली. आणि मग जाता जाता, पोरीला ताप चढलाय हो, उतरत नाही. आनिएल्लो म्हणाला, "सासूबाई, बाळाचं तर चांगलं आहे ना, मग तुम्ही अशा काय बघताय?" ती उठून चालू लागली. चर्चपर्यंतची वाट कशी सरली, तिला सांगता आलं नसतं.

ती गुडघ्यांवर बसली. सावेरियो, ऐक. काल मी हवं ते घे म्हणाले, ते माझ्यातलं घे म्हणून. माझे डोळे घे. गुडघे तर गेलेच आहेत, राहिलेलेही घे... पण असं म्हणाले होते का मी? कुठं म्हणाले? रागात माणूस काय मोजूनमापून बोलतं? आणि एवढे महिने रोज मूल मूल करत राहिले, त्यात रोझारियाचं नाव एकदा तरी काढलं का? तिला सांभाळ म्हणाले? नाही. एकदाही नाही. तिचं बाळ दिसायला लागलं आणि ती स्वतः मला दिसेनाशी झाली. मीच अशी, तर त्यानं तिची काळजी का करावी, त्याला ती माहीतच नाही...

माहीत होती. इतके दिवस तो तिच्याच रुमालावर बसला होता.

नुन्झियानं हळूच टोक खाली दाबलं. बोटाला ओलं लागलं. तिनं वर पाहिलं. उजव्या खोबणीच्या वर, जिथं भुवई असते तिथं, एक थेंब जमत होता, जाडसर, सावकाश. मेणबत्तीची ज्योत त्यात दिसत होती.

"अगं बाई!" फिलुमेना स्टूल पाडून उठली. "पाझरला! नुन्झिया, पावला गं तुझा म्हातारा! आजी झालीस बघ!" ती परदेशी जोडीला हातानं ओढून आणू लागली, बघा, बघा, हे नाही मिळायचं तुमच्या झुंबरांत!

"ओल आहे ती," नुन्झिया म्हणाली. "तळघराची ओल."

"काय बोलतेस? आणि हे तू बोलतेस?"

पाद्री असं बोलले तेव्हा नुन्झियानंच तर त्यांच्याशी भांडण काढलं होतं. तिनं डोक्याची ओढणी ओढून काढली आणि कवटीचं कपाळ पुसलं, तापल्या पोराचं पुसावं तसं. कोरडं झालं. क्षणभर खरंच कोरडं झालं, आणि तिला इतकं हायसं वाटलं की रडू आलं. मग पुन्हा बारीक बारीक थेंब, आता दोन्ही बाजूंनी... ती पुसत राहिली. मागून कॅमेऱ्याचा आवाज आला. पावू नकोस, ती पुटपुटत होती, ऐकतोस ना, मी काही मागितलं नव्हतं, मी नुसती पाहायला आले होते, या लोकांसारखी. कोरडा राहा. नाही म्हण रे. आजवर म्हणत आलास तसं एकदाच, नाही म्हण.