रविवार

डॉक्टरीणबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले आणि अहवालात लिहिलं : मृत्यू तीन ते पाच दिवसांपूर्वी. नदीचं पाणी गार, तळव्यांची कातडी सुटू लागलेली. याहून नेमकं सांगणं म्हणजे ठोकून देणं. एकच दिवस कधी सांगायचा नाही, ही त्यांची बावीस वर्षांची शिस्त. शवागारातले मामा तर म्हणत, "बाईंना किती वाजले विचारा, म्हणतील दहा ते बारा."

बाहेर बाकावर मुलीचा बाप बसला होता. रविवारी संध्याकाळी त्याच्याशी भांडून पोरगी घरातून निघून गेली. मावशीकडे गेली असेल, डोकं थंड झालं की येईल मुकाट्यानं, असं म्हणत हा गृहस्थ मंगळवारपर्यंत पोलिसांकडे फिरकलाच नाही. आज शुक्रवार. सकाळी ती बंधाऱ्याच्या जाळीला अडकलेली सापडली.

"मंगळवारपर्यंत जिवंत होती का हो ती?" त्यानं विचारलं. "एवढंच सांगा. घरात कुणी माझ्याशी बोलत नाहीये."

गेली खड्ड्यात शिस्त.

"रविवारीच गेली, काका. घरातून निघाल्यावर तासाभरात. तुम्ही लगेच धावला असतात तरी हाती लागली नसती."

तो हमसून हमसून रडला. बाईंना बरं वाटलं. मग बाहीनं तोंड पुसून त्यानं मोबाइल काढला.

"म्हणजे सोमवारचा फोन तिचा नव्हताच! दुपारी तिच्या नंबरावरून आला होता. मी मुद्दाम उचलला नाही, म्हटलं बसू दे जरा रडत." तो ताडकन उठला. "तिचा मोबाइल दुसऱ्याच कुणाकडे होता. मारलंय तिला कुणीतरी. साहेबांना सांगतो."

त्याच्या चेहऱ्यावर चक्क तरतरी आली होती. तो दारापर्यंत पोचला.

"काका, थांबा." बाई त्याच्यामागे धावल्या. "रविवार मी माझ्या मनानं सांगितला. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"मग सोमवारी?"

"असू शकेल जिवंत. नक्की नाही सांगता येत."

तो पुन्हा बाकावर टेकला. चिडला नाही, काही नाही. मोबाइलवर सोमवारचा तो न उचललेला फोन शोधून काढला.

"काय बोलली असती हो ती?" त्यानं विचारलं.