ठराव क्रमांक चार

केंद्रप्रमुख सेवालाल राठोड यांच्या नोकरीचे अडीच महिने उरले होते आणि ते कसे घालवायचे हे त्यांचं पक्कं ठरलं होतं. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. बारा शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या माणसाला हे जमतं का, असं कुणी विचारील. पण सेवालालांना ती कला साधली होती. पस्तीस वर्षांत त्यांच्या नावावर एक नोटीस नव्हती. निवृत्तीच्या फायलीला जे दाखले जोडावे लागतात त्यात एक असतो, 'यांच्यावर कोणतीही चौकशी चालू अथवा प्रलंबित नाही'. तो दाखला आपल्याला सगळ्यांत आधी मिळणार, असं ते मंगरूळपीरला कार्यालयात चहा पिताना दोन-चारदा बोललेही होते. माणसाला कशाचाही अभिमान असू शकतो.

अशात टेंभुरदऱ्याची तक्रार त्यांच्या गळ्यात पडली.

तक्रार एका आईची होती. रत्नमाला पडघान. नवरा नरेंद्र पुण्याकडे कंपनीत, ही गावात सासऱ्याची दोन एकर बघते आणि शिलाई मशीन चालवते. तिने सरळ जिल्ह्याला अर्ज धाडला. जिल्ह्याने तो तालुक्याला पाठवला, तालुक्याने सेवालालांना. प्रत्येक टेबलावर अर्जाच्या कोपऱ्यात एकेक शेरा वाढत गेला, आणि शेवटचा होता, 'समक्ष भेट देऊन सामोपचाराने निकाली काढावे. दोन्ही बाजूंच्या सह्यांसह अहवाल आठ दिवसांत सादर करावा.' म्हणजे वरच्यांनी हात झटकले होते.

रत्नमालाची मुलगी सपना नऊ वर्षांची, तिसरीत. जन्मताना श्वास अडकला तेव्हापासून तिचं शरीर तिचं ऐकत नाही. चालताना तोल जातो, बोलणं तीन-चार शब्दांचं, पेन्सिल बोटांत टिकत नाही. तरी पहिलीपासून रोज शाळेत जायची. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या आणि शाळेने तिचं नाव गृहाधारित शिक्षणाच्या यादीत टाकलं. यात मुलाचं नाव शाळेत राहतं, मूल घरी राहतं आणि विशेष शिक्षिका पंधरा दिवसांतून एकदा घरी येऊन काही शिकवून जाते. अंथरुणातून उठूच न शकणाऱ्या लेकरांसाठी ही सोय चांगली आहे. पण ती आईबापांनी मागायची असते. शाळेला आपल्या मनाने कुणाला घरी बसवता येत नाही. सगळं भांडण एवढ्याचंच होतं. शाळा म्हणत होती आईने संमती दिली, आई म्हणत होती दिली नाही.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी सेवालाल गाडी काढून निघाले. दुतर्फा तुरी शेंगांवर आल्या होत्या. अशा तक्रारी त्यांनी डझनाने मिटवल्या होत्या. पद्धत ठरलेली: दोघांना समोरासमोर बसवायचं, दोघांचं थोडं थोडं खरं आहे म्हणायचं, चहा मागवायचा, सह्या घ्यायच्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत उरकेल असा त्यांचा अंदाज होता.

मुख्याध्यापक जगदेव गावंडे यांनी साहेबांसाठी खुर्ची पुसून ठेवली होती. जगदेव सर दुष्ट माणूस असते तर सेवालालांचं काम किती सोपं झालं असतं. पण ते चांगले होते, थकलेले होते. चार वर्ग, दोन शिक्षक. त्यातला एक आठवड्यातून दोन दिवस माहिती भरायला तालुक्याला. वाचन-गणिताच्या चाचण्यांचा तक्ता भिंतीवर लावलेला, आणि त्यात टेंभुरदऱ्याची शाळा शंभर टक्क्यांच्या एक घर अलीकडे अडकलेली. ते एक घर कुणाचं, हे सांगायची गरज नव्हती.

"साहेब, तक्त्यासाठी म्या हे केलं असं लोक म्हणतात," जगदेव सर बोलले. "तसं नाई. पोरगी दोनदा रस्त्यावर गेली. समोरून रेतीचे ट्रॅक्टर जातात. मी फळ्याकडं तोंड करून उभा असतो, मागं चाळीस लेकरं. एखाद्या दिवशी काही झालं तं आपल्यापैकी कोण सुटन?"

"फाटकाले कडी नाई काय?"

"तीन डाव लिहून देल्लं ग्रामपंचायतीले."

सेवालालांनी फाटकाकडे पाहिलं. एका मुलीचं शिक्षण एका कडीवाचून अडलं होतं, आणि त्या कडीसाठी तीन पत्रं गेली होती. हसावं की काय करावं ते त्यांना कळेना. त्यांनी वहीत लिहिलं, 'फाटक दुरुस्ती आवश्यक.'

रत्नमाला आली ती मुलीचा हात धरून. "जय भीम सर," म्हणाली आणि समोरच्या बाकावर बसली. सपना बसली नाही. ती व्हरांड्यात गेली, वर्गाबाहेर काढलेल्या चपलांच्या ढिगापाशी. एक चप्पल उचलायची, तिची जोडी शोधायची, दोन्ही शेजारी लावायच्या. वाकड्या बोटांनी, पण चूक नाही. खिचडी शिजवणाऱ्या मनकर्णाबाई दारातून म्हणाल्या, "कोणाची चप्पल कोणती थे तिले सारं पाठ हाये, साहेब. सुटीच्या वक्ती हातात देते एकेकाच्या. ते यायची बंद झाली अन् पोट्टे रोज भांडून राह्यले चपलाईसाठी."

"ताई, तुमचं काय म्हणणं हाये ते सांगा," सेवालाल रत्नमालाला म्हणाले.

"म्हणणं अर्जात लिहिलं हाये. पण इचारता तं सांगतो." रत्नमालाचा आवाज चढला नाही. "दिवाळीनंतर पह्यल्या दिवशी मी तिले सोडाले आली. हजेरी चालू होती. तिचं नाव आलं का ते हो म्हणते, मोठ्यानं, साऱ्या गावाले ऐकू जाते. त्या दिवशी नाव आलंच नाई. बाकीचे बसले, हे उभीच. मले वाटलं सरांकून राह्यलं असन. हजेरी बंद झाली तरी उभी. धडा चालू झाला तरी उभी. बस म्हटलं तं बसे ना, तिले वाटे नाव यायचं हाये अजून. सर, मले घरी येऊन शिकवणाऱ्या मॅडमचा राग नाई. पण माह्या पोरीले अ आ इ येणार नाई, हे मले मालूम हाये. ते इथं अ आ इ साठी नाई येत. चार लेकराईत येते."

सेवालालांनी मधला रस्ता काढला. तीन दिवस शाळा, तीन दिवस घर. दोघांचंही थोडं थोडं खरं. हा तोडगा त्यांना वाटेतच सुचला होता आणि ते त्यावर खूश होते.

"अन् त्या तीन दिवसांत तिले कोण समजावन, का आज तुहं नाव नाई?" रत्नमालाने विचारलं.

सेवालालांनी चहा मागवला.

मग जगदेव सरांनी शाळा व्यवस्थापन समितीचं रजिस्टर पुढे केलं. "साहेब, भावना सगळ्यायलेच असतात. पण संमती लेखी हाये. चौदा ऑगस्टची सभा पाहा. ठराव क्रमांक चार."

सेवालालांनी पान उघडलं. अक्षर जगदेव सरांचं, मोत्यासारखं. ठराव एक, स्वातंत्र्यदिनाचं नियोजन. दोन, खिचडीच्या भांड्यांची खरेदी. तीन, वृक्षारोपण. चार, 'कु. सपना नरेंद्र पडघान हिला तिच्या पालकांच्या संमतीने गृहाधारित शिक्षण देण्यात यावे. ठराव सर्वानुमते मंजूर.' खाली सह्या. पहिली अध्यक्ष नानाजींची. पाचवी रत्नमालाची, कारण ती समितीत पालक सदस्य होती. आणि सगळ्यांत खाली, 'उपस्थित' म्हणून, एक लांब शेपटीची सही होती. ती सेवालालांची स्वतःची होती.

टेंभुरदऱ्यातच काय, त्यांच्या बाराही शाळांत सभेची एक रीत होती. लोक शेतातली कामं टाकून आलेले असतात, त्यांना थांबवायचं कसं? म्हणून चहा झाला की कोऱ्या पानाच्या तळाशी सह्या घ्यायच्या, माणसं मोकळी करायची, आणि वरचं इतिवृत्त मुख्याध्यापकाने मग सवडीने लिहायचं. यात कुणी कुणाला फसवत नसे. भांड्यांच्या खरेदीत फसवायचं काय? जगदेव सरांनीही त्या दिवशी फसवायचं म्हणून पान कोरं ठेवलं नसावं. नंतर जागा उरली होती, आणि सही खाली होतीच.

"सही माहीच हाये," रत्नमाला पान बघून म्हणाली. "पण पान कोरं होतं. झेंड्याच्या खांबाले रंग देण्याचं बोलणं झालं, सपनाचं नावबी कोणी काढलं नाई. तुमी होते ना सर. माह्या मागून सही केली तुमी. पेन नव्हता तुमच्यापाशी, माहाच घेतला."

ती हे आरोप म्हणून बोलली नव्हती. ती साक्षीदाराची आठवण करून देत होती. सेवालालांना तो पेन आठवला, टोपण चावलेला. पानही आठवलं, वरून खालपर्यंत रिकामं. त्यांना एकदम उकडायला लागलं, डिसेंबरात.

"जरा पाणी पिऊन येतो," ते म्हणाले आणि बाहेर आले. जगदेव सर मागोमाग स्वयंपाकाच्या शेडपर्यंत आले.

"साहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमचे दोन महिने राह्यले. कायले अंगावर घेता? तिची सही हाये, तुमची हाये, सगळं नियमात बसते. कोरं होतं म्हटलं तं पह्यले तुमीच अडकता. कोऱ्या पानावर सही करणारा केंद्रप्रमुख, असं वर जाईन. मग बाराही शाळांचे रजिस्टर मागवतीन. मी तं नोकरीत हावो, निभावून नेईन. तुमचा दाखला अडकन."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. सेवालाल घाबरले, आणि आपण घाबरलो आहोत हे त्यांना स्वच्छ कळलं. सोपा मार्ग हाताशी होता. 'रजिस्टरची तपासणी केली, सह्या खऱ्या आढळल्या' एवढं एक वाक्य लिहायचं, आणि तेही खोटं ठरलं नसतं. पस्तीस वर्षं ते अशाच वाक्यांवर जगले होते. खरं असावं आणि कुणाच्या कामी येऊ नये, अशी वाक्यं लिहिण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता.

वर्गात दुसरे गुरुजी पाढे म्हणून घेत होते. सपना दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ओळीने तीस-चाळीस जोड चपला नीट लागलेल्या, आणि आता काम उरलं नाही म्हणून ती आत बघत होती. आत जायला तिला कुणी अडवलं नव्हतं, पण ती उंबरठा ओलांडत नव्हती. दीड महिन्यात तिला तेवढं शिकवून झालं होतं. सेवालालांना स्वतःची शरम वाटली. फार मोठी नाही, पण पुरेशी.

ते आत जाऊन बसले आणि कुणाशी न बोलता लिहायला लागले.

'दि. १४ ऑगस्टच्या सभेस मी हजर होतो. सपना पडघान हिच्याविषयी सभेत चर्चा झाली नाही. इतिवृत्ताचे पान कोरे असताना सदस्यांनी सह्या केल्या व मीही केली. ठराव क्रमांक चार नंतर लिहिण्यात आला. सबब पालकांची संमती होती असे म्हणता येत नाही. विद्यार्थिनीचे नाव गृहाधारित यादीतून कमी करून तिला उद्यापासून वर्गात बसवावे. फाटकास कडी शाळेने आजच बसवावी.' शेवटच्या ओळीवर त्यांनी जगदेव सरांकडे पाहिलं. "पत्र लिहू नका आता. लोहाराले बलवा."

जगदेव सरांनी कागद वाचला. त्यांचा चेहरा उतरला, पण ते भांडले नाहीत. "ठीक हाये," म्हणाले आणि शाळेसाठी ठेवलेल्या जागी सही करून मोकळे झाले. बहुधा त्यांनाही कुठेतरी बरं वाटलं असावं, पण तसं ते कधी कबूल करणार नव्हते.

उरली तक्रारदाराची सही. ती झाली की प्रकरण निकाली. चौकशी व्हायची ती होईल, पण निदान प्रकरण मिटलेलं असेल, आणि मिटलेल्या प्रकरणाकडे वरचे लोक फार लक्ष देत नाहीत. सेवालालांनी कागद रत्नमालापुढे सरकवला. 'माझे समाधान झाले असून माझी कोणतीही तक्रार राहिलेली नाही' हे वाक्य छापीलच होतं, सगळ्या अहवालांच्या तळाशी असतं तसं.

रत्नमालाने कागद सावकाश वाचला. सेवालालांनी लिहिलेलं ती दोनदा वाचत होती हे दिसत होतं. मग तिने तो तसाच परत सरकवला.

"तुमी खरं लिहिलं सर. तुमाले हे जड गेलं असन, मले समजते. पोरगी उद्या दहा वाजता येते." ती उठली. "पण मी सही नाई करत."

"ताई, सहीबिगर हे प्रकरण मिटत नाई," सेवालाल म्हणाले. आपला आवाज विनवणीचा झाला आहे हे त्यांना ऐकू आलं. "सारं तुमच्या बाजूनंच लिहिलं हाये."

"हो, लिहिलं हाये. पण ह्या शाळेत मी एक डाव सही केली."

ती बाहेर गेली, सपनाचा हात धरला आणि फाटकातून निघाली. जाताना मागे वळून पाहिलं नाही, रागानेही नाही.

जगदेव सर म्हणाले, "साहेब, तिच्या सासऱ्याले बलवू काय? त्याची घेऊ. चालते."

"नाई," सेवालाल म्हणाले.

त्यांनी कागद परत पुढे ओढला. तक्रारदाराच्या सहीच्या रिकाम्या जागेत त्यांनी आपल्या अक्षरात लिहिलं, 'तक्रारदाराने सही करण्यास नकार दिला.' एवढं नियमाने पुरलं असतं. पण त्यांनी पुढे आणखी तीन शब्द घातले, 'नकार रास्त आहे', आणि त्याखाली तारीख टाकून सही केली.