केशोरावचा ठासलेला बार

साठी उलटली आणि केवळरामला बंदूक घ्यायची हुक्की आली. तीही नवी नाही, जुनी ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओता, वर वाखाचा, म्हणजे मुळांच्या तंतूंचा, बोळा कोंबा, गजानं ठासा, घोड्याखाली ठिणगीची टोपी लावा, तेव्हा कुठं एक बार उडणार. तेवढ्यात डुक्कर शेत खाऊन, ढेकर देऊन घरी जातं. "पेन्शन सुरू झाली का माणसाले वातच होते," असं कुंदाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, शेजारणीला ऐकू जाईल असं सांगितलं.

सौंदडच्या रेल्वे फाटकावर हयात घालवून तो केशोरीला शेतीवर परतला होता आणि पहिल्याच हंगामात रानडुकरांनी धान लोळवला होता. परवाना त्या कारणावर मिळाला. पण डुकरं हे आपलं निमित्त. केवळरामला बापाचीच बंदूक हवी होती, कारण लहानपणी ऐकलेला तिचा बार त्याला मरायच्या आधी एकदा ऐकायचा होता. हे बायकोला सांगायची मात्र त्याची छाती झाली नाही.

बाप केशोराव डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर ती बंदूक दोस्ताच्या, धनसिंगच्या हवाली करून मोकळा झाला होता आणि त्याच आठवड्यात गेला. केवळराम तेव्हा ड्यूटीवर. बदलीचा माणूस येऊन तो गावी पोचेपर्यंत सरण विझलं होतं. रडायचं राहूनच गेलं. पुढं पुढं तर बापाचा आवाजही आठवेनासा झाला. बार तेवढा आठवायचा.

धनसिंगचं घर जंगलाच्या कडेला, तलावाच्या अलीकडं. केवळराम तिथं गेला तेव्हा धान कापून झाला होता, अंगणात धनसिंगची बायको दुर्पताकाकी पाखडत बसली होती. ठाण्यातली नोंद आधीच उरकली होती आणि भावही फार ताणला गेला नाही. धनसिंगनं धानाच्या ढोलीमागून बंदूक काढली. दस्ता तेलानं काळाभोर झालेला, नळीच्या तोंडाला मेणाचा बूच. केवळरामनं बूच काढला आणि बापानं शिकवलं होतं तसा गज हलकेच आत सोडला. गज तळाला जायला हवा होता. तो वीतभर बाहेरच राहिला.

"काका, हे तं भरली आहे."

"हो. तुह्या बापानं भरली."

केवळरामला वाटलं, म्हातारा थट्टा करून राहिला. पण धनसिंग गंभीरच होता. "दोस्ताच्या घरी भांडं रिकामं पाठवते का कोणी? मंग बंदूक कायले रिकामी देऊ, असं म्हणे तो. इथंच बसून ठासली. नुसता बार, छर्रा नाही. मले म्हणे, पहिला बार माह्या हातचा वाजव. अन् चार दिवसांत तोच गेला."

"मंग तुमी वाजवला काऊन नाही?"

"वाजवला असता तं सरला असता," धनसिंग म्हणाला.

दुर्पताकाकीनं सूप खाली ठेवलं. "डुकरं धान खाऊन गेली, अन् हे बुढा टिनाचा डबा वाजवून राहिला. पण बंदुकीले हात नाही लावला. दर इलेक्शनले ठाण्यात जमा व्हायची, तशीच भरली परत यायची. टोपी नाही दिसली का त्यायले वाटे रिकामीच आहे." ती हसली, पण पदर डोळ्यांना लावूनच.

केवळराम बंदूक मांडीवर घेऊन ओसरीवर बसला. आपण किती अडाणी, हे त्याला आत्ता कळलं. ठासणीच्या बंदुकीत आवाज बंदुकीचा नसतोच. तो भरणाऱ्या हाताचा असतो. दारू किती, वाख किती, गजाचे ठोके कसे, त्यावर बार ठरतो. केशोराव पळसाच्या मुळांचा वाख घालून दमानं ठासायचा, म्हणून त्याचा बार जड निघायचा आणि चार शेतं सोडूनही माणसं म्हणायची, हा केशोरावचा. केवळरामनं स्वतः ती हजारदा भरली असती तरी तो आवाज निघाला नसता. आणि तो आवाज आता या नळीत होता, एकच. उडवला की संपला.

"अशीच ठेवू का मी पण?" त्यानं विचारलं.

"ठेव ना. पण भरली बंदूक गावातून नेशीन कशी? अन् दारूचं काही खरं नाही पोरा. यंदा वाजंल, पुढं सादळून जाईन. मंग ना तुले, ना मले."

केवळराम ओसरीवरून उठला. मग त्यानं बंदूक धनसिंगच्या हातात परत दिली.

"तुमी वाजवा. मी तलावाच्या पाळीवर जातो. हात केला का वाजवा."

"अरे, तिकडं कायले? इथं उभा राह्य ना."

"मी कधी जवळून ऐकलाच नाही, काका."

तो धान कापलेल्या बांध्यांतून तलावाच्या बांधावर, पाळीवर गेला. घर आणि बापाचा शेतातला राखणीचा माळा यांच्यात असंच अंतर होतं. लहानपणी धान लोंबीला आला की बाप रात्री माळ्यावर असायचा आणि केवळरामला अंधाराची भीती वाटून झोप यायची नाही. मग लांबून बार व्हायचा, आणि माय पाठीवर हात ठेवून म्हणायची, तुहा बाप जागा आहे, तू झोप.

तो पाळीवर गवतात आडवा झाला, डोळे मिटले आणि हात वर केला. काहीच झालं नाही. दारू सादळली, असं त्याला वाटलं. धनसिंग तिकडं दुसरी टोपी लावत असावा.

मग बार झाला. जड, दमदार, जमिनीतून आल्यागत. तलावाच्या पाण्यावरून तो पलीकडच्या टेकडीपर्यंत गेला आणि परत येऊन विरला. टिटव्या ओरडत उठल्या आणि बसल्या.

बऱ्याच वेळानं धनसिंग बंदूक खांद्यावर टाकून पाळ चढला. केवळराम तसाच पडला होता, डोळे मिटलेले, कानशिलं ओली.

"काऊन रे, उठत नाहीस?"

"बाबा जागे आहेत, काका," केवळराम म्हणाला. "घडीभर झोपू द्या."