बाबा माझ्या वर्गात होते

"एशिमोवा झिबेक."

"हजर."

"एशिमोव तुर्दुबेक."

"हजर," माझ्या शेजारून बाबा म्हणाले आणि उठून उभे राहिले.

वर्गात आधी खसखस पिकली, मग हसण्याचा लोंढाच आला. मागून ताल्गात ओरडला, "बाई, हे बाप-लेक आहेत! दोघांत एक गृहपाठ चालेल का?"

एर्ना फ्योदोरोव्नांनी हजेरीची वही नाकाशी धरली होती. ती त्यांनी खाली ठेवली. चाळीस वर्षं त्या या कॉलेजात ड्रॉइंग शिकवत होत्या. त्या जर्मन घरातल्या; त्यांचे नातेवाईक केव्हाच जर्मनीला निघून गेले होते. त्या मात्र आमच्या चुई खोऱ्यातच राहिल्या होत्या.

"ताल्गात, तुझा आवाज मी आता ओळखते. तेव्हा पुढच्या वेळी ओरडताना विचार कर," त्या म्हणाल्या. "तुर्दुबेक, तुम्ही बसा. माझ्या वर्गात कुणी उभं राहत नाही, फक्त रेषा उभ्या राहतात."

मी अठरा वर्षांची होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटायचं ते वय. मला नर्स व्हायचं होतं, पण गुण कमी पडले म्हणून मी इथे आले होते. बाबा एकावन्न वर्षांचे. गावातल्या पंपांच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं ते लेथवर होते. कारखाना बंद पडला तसे ते घराच्या पायरीवर बसून समोरच्या डोंगरांकडे बघत राहायचे. चार वर्षं अशीच गेली. मग नवा मालक आला, कॉम्प्युटरचं ऐकणारी यंत्रं आली. नोकरी मिळणार होती, पण कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करता येतं असा कॉलेजचा कागद हातात असेल त्यालाच. अभ्यासक्रम दहा महिन्यांचा होता. बाबांनी ती बातमी दोनदा वाचली, दाढी केली आणि जाऊन नाव घातलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

"पुढच्या वर्षी आला असता तर काय बिघडलं असतं?" त्या दिवशी घरी येताना मी विचारलं.

"पुढच्या वर्षी मी एक वर्षानं म्हातारा झालो असतो, शिंगरा," ते म्हणाले. आमच्याकडे लाडक्या लेकराला घोड्याचं शिंगरूच म्हणतात. पण रस्त्यात वर्गातली पोरं चालत असताना ते ऐकायला मला मुळीच आवडायचं नाही.

पहिले चार महिने नुसती पेन्सिल. समोरून, वरून, बाजूने: एका वस्तूची तीन रूपं. बाबा कागद बघायचे, डोळे मिटायचे, आणि ती वस्तू त्यांच्यासमोर येऊन उभी राहायची. माझ्यासमोर नुसत्या रेषा. वस्तू मधोमध कापली तर आत काय दिसेल, त्याचा छेद काढायचा असला की मी रडकुंडीला यायचे.

एके दिवशी आमच्याकडचा तो मोठा हिरवा मुळा बाबांनी विळीसारख्या चाकूने खिडकीच्या फळीवर ठेवून कापला. एकदा आडवा. "हे बघ, गोल." मग उभा. "हे बघ, लांबट." मग तिरपा. "आता हे?"

"अंड्यासारखं."

"मुळा बदलला?"

"नाही."

"मग काय बदललं?"

त्या क्षणी मला दिसलं. कागदावरच्या रेषा वर उठल्या, त्यांच्यामागे अंधार भरला, वजन आलं. खिडकीबाहेर बर्फ पडत होतं, आणि मला वाटलं की त्यातल्या प्रत्येक कणाला समोर, वर आणि बाजू आहे.

"तो मुळा सूपसाठी होता!" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "बाप-लेक मिळून माझं घर कापून काढा एकदाचं." आम्ही त्या चकत्या मीठ लावून खाऊन टाकल्या.

जानेवारीत कॉम्प्युटर सुरू झाला आणि बाबांचं राज्य गेलं. त्यांच्या जाड बोटांखाली माउस सटकायचा. रेष सुरू व्हायची एकीकडे, संपायची तिसरीकडे.

"बायके, उंदीर मारायचा नाही, पकडायचा," ताल्गात म्हणायचा. बायके म्हणजे दादा. वयाने मोठ्या कुठल्याही पुरुषाला आम्ही तेच म्हणतो. त्याच्या बोलण्यात आता टिंगल कमी असायची, कारण पेन्सिलीच्या परीक्षेत त्याला बाबांनीच तारलं होतं.

मी त्यांचा हात माझ्या हातात धरून माउस फिरवायला शिकवला. लहानपणी त्यांनी मला पेन्सिल धरायला शिकवलं होतं की नाही, मला आठवत नाही. पण हे आठवतं. त्यांचा तळवा उबदार आणि खरखरीत होता, आणि माझ्या हाताखाली तो लाजलेल्या जनावरासारखा दबून बसला होता.

फेब्रुवारीत एका दुपारी बाईंनी पंपाच्या बाहेरच्या कवचाचं तयार चित्र सगळ्यांना दिलं. त्यावर मापं घालायची होती. बाबांच्या हातून चुकून काहीतरी दाबलं गेलं आणि ते कवच पडद्यावर फिरायला लागलं. हळूहळू, पाण्यात तरंगल्यासारखं. बाबांनी ते जवळ ओढलं, अजून जवळ. तोंडातून आत शिरले. आतली वळणदार वाट शंखासारखी रुंदावत गेली होती. ते तिथून फिरत राहिले.

तास संपला. पोरं उठली. बाबांनी एकही माप घातलं नव्हतं.

"बाबा, चला."

"सत्तावीस वर्षं मी ही कवचं बाहेरून घासली," ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "आत कधी गेलो नव्हतो, झिबेक. पाण्याला असं दिसत असेल."

एर्ना फ्योदोरोव्ना मागे उभ्या होत्या. माप का नाही घातलं, असं त्यांनी विचारलं नाही. "अजून दहा मिनिटं वर्ग उघडा ठेवते," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर बाबांना स्वप्नं पडू लागली. सकाळी चहाची वाटी हातात घेऊन ते आईला सांगायचे, आज नळीतून डोंगरापर्यंत गेलो, आज एका चक्राच्या पात्यावर बसून फिरलो. आई म्हणायची, "येताना पीठ आणायचंत."

जूनमध्ये परीक्षा झाली. बाहेरगावचे परीक्षक आले होते. प्रश्नाचा कागद मात्र बाईंनीच एका जुन्या चित्रावरून हाताने उतरवलेला. लोखंडी ब्रॅकेट, मागे उभी भिंत, तिच्या पायाशी सोळा मिलिमीटरच्या बोल्टसाठी भोकं. कागदावरून कॉम्प्युटरवर ते जसंच्या तसं उभं करायचं. माझं भराभर होत गेलं. मध्येच बाबांनी हात वर केला.

बाई त्यांच्याजवळ गेल्या. मी दोनच खुर्च्या सोडून बसले होते.

"बाई, भिंतीपासून भोकाचं हे अंतर... तेरा?"

त्यांनी कागद अगदी डोळ्यांना लावला. "तेरा. स्पष्ट तर लिहिलंय. का?"

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. परीक्षक खिडकीपाशी उभे राहून इकडेच बघत होते.

"काही नाही, बाई," बाबा म्हणाले. "माझा चष्मा जुना झालाय."

निकाल लागला तेव्हा मी वर्गात पहिली होते आणि बाबा नापास. कामही थोडं अपुरं होतं, पण मुख्य म्हणजे माप चुकलं होतं. कागदावर तेरा असताना त्यांनी अठरा घातलं होतं. परीक्षकांनी त्यावर लाल फुली मारली होती. कारखान्याने यादीतले वरचे तीन जण घेतले. मी म्हटलं, मी जात नाही. बाबा म्हणाले, "वेडी आहेस का? माझा सगळा गाव तिथे आहे. जाऊन त्यांना सलाम सांग."

तिसऱ्या आठवड्यात साहेब मला म्हणाले, तुझं परीक्षेतलं काम दे, नव्या यंत्रावर नमुना काढून बघू. तासाभरात चकाकणारं ब्रॅकेट तयार झालं. मी त्याला हात लावून बघितलं; मी काढलेली पहिली खरी वस्तू. मग ते जोडायला मुकाश-बायकेंकडे गेलं. ते बाबांच्या वेळचे फिटर. थोड्या वेळाने ते बोल्ट आणि पाना घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"पोरी, हा बोल्ट कोण आवळणार? तुझी होणारी सासू?"

"का?"

"भोक भिंतीला चिकटवलंयस. बोल्टचं डोकं भिंतीला अडतं, फिरणार कसं? पाच मिलिमीटर लांब पाहिजे होतं. तुर्दुबेकची मुलगी ना तू?"

तेरा आणि पाच अठरा. माझे कान तापले.

घरी आले तेव्हा बाबा अंगणात बटाट्यांची पोती शिवत होते. मी ब्रॅकेट त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते उचललं, भोकात बोट घालून बघितलं.

"गुळगुळीत झालंय," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं."

"हं."

"मग बोलला का नाहीत? परीक्षकांना एक शब्द सांगितला असतात तर..."

"तर सगळ्यांचे पेपर रद्द. आणि मग विचारलं असतं की बाई, अठराचे तेरा कसे झाले." त्यांनी सुई पोत्यात खुपसली. "त्यांना आता 8 आणि 3 सारखेच दिसतात. तुला कळलं नाही? आपल्याला त्या आवाजावरून ओळखतात."

"मग निदान तेरा तरी घालायचं! पास तर झाला असता."

बाबांनी सुई पुन्हा बाहेर ओढली. "घालून बघितलं ना. दोनदा घातलं," ते म्हणाले. "हात पुढे जाईना. जे बसणारच नाही ते कसं काढायचं?"

ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेत ते पास झाले. तोवर कारखान्यातल्या जागा भरल्या होत्या. नव्या निघतील तेव्हा चाळिशीच्या आतले हवेत, असंही कळलं. बाबांनी कागद कपाटात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा कॉलेजला गेले. तिसऱ्या दिवशीही.

"पास झालेला माणूस रोज शाळेत कशाला जातो?" आई मला म्हणाली. "बघून ये एकदा. आणि हे पिठाचे बोरसोक तळलेत, घेऊन जा, गरम आहेत."

मी गेले. रस्त्यावर पॉपलरच्या झाडांची पिवळी पानं इतकी पडली होती की पावलांचा आवाज येत नव्हता. वर्गाचं दार अर्धं उघडं होतं. सगळे कॉम्प्युटर बंद, एक चालू. त्याच्यासमोर बाबा बसले होते, शेजारी एर्ना फ्योदोरोव्ना. नव्या मुलांसाठी प्रश्नाचे कागद तयार करायचं काम चाललं होतं. बाई तोंडाने सांगत होत्या, बाबा काढत होते. काढून झालं की पडद्यावर काय आहे ते त्यांना सांगत होते. पण शब्द कमी पडले असावेत, कारण त्यांनी माउस सोडून दिला होता आणि दोन्ही हात समोर धरले होते, मोकळ्या हवेत, काहीतरी जड पेलल्यासारखे.

"ही समोरची बाजू, बाई. डावीकडे बोल्टसाठी बाहेर आलेला कान. आता मी हे वळवतोय."

बाईंनी डोळे मिटले होते. त्यांचा चेहरा किंचित वर उचललेला होता, आणि बाबांच्या हातांबरोबर तो सावकाश वळत होता.

"हळू, तुर्दुबेक," त्या म्हणाल्या. "मागची बाजू अजून दिसायची आहे."

बाबांनी ते हवेतलं ओझं अलगद मागे घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून फिरवायला सुरुवात केली. मी बोरसोकची पिशवी छातीशी धरून दारातच उभी राहिले.