लोखंडी झुल्याच्या पायाखालून

मित्रांनो, भिलाईजवळच्या कुरुदच्या मैदानावरच्या लोखंडी झुल्यात बसण्याआधी एकदा खाली वाका आणि त्याच्या पायाकडे पाहा. तिथे काळी पडलेली, जाडजूड सागवानी लाकडं आडवी घातलेली दिसतील. ती लाकडं म्हणजे मी. आज माझ्यावर लोक चिखलाचे पाय पुसतात. एके काळी मी उभा होतो, लाकडी रहाटपाळणा होतो, आणि या मैदानावर माझ्याहून उंच काहीच नव्हतं. माझी कीव करा, असं मी म्हणत नाही. माझा राग अजून गेलेला नाही. तो कशाचा आहे, एवढं तुम्हाला कळावं म्हणून सांगतो.

मला वैनगंगेच्या काठच्या एका गावात दौलतराव सुतारांनी घडवलं. त्यांनी आपल्या भाच्यासाठी, केवलरामसाठी, घरामागचा साग तोडला. दोन खांब, मधे आस, आसाला आरे आणि आऱ्यांना टांगलेले चार पाळणे, असा माझा देह होता. प्रत्येक पाळणा दोन्ही बाजूंनी लोखंडी खिळींवर झुलायचा. दौलतराव केवलरामला म्हणाले होते, "लाकूड मी पाहून घेतलं. खीळ तू रोज पाहत जाय. यात लोकाईचे लेकरं बसतीन." केवलरामने ते कधी चुकवलं नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. केवलराम आणि त्याची बायको मथुरा मला बैलगाडीवर घालून त्या मंडया फिरत असत. पुढे भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहू लागला. आमच्या गावची अर्धी तरणी माणसं तिकडे कामाला गेली, आणि त्यांच्यामागून आम्हीही गेलो.

ते माझे खरे दिवस होते. सगळा मुलूख तेव्हा खणलेला होता. लाल माती उडायची, मालगाड्या येत राहायच्या, आणि कारखान्याच्या चिमण्या दर महिन्याला थोड्या उंच झालेल्या दिसायच्या. केवलराम मला हाताने फिरवायचा. पाळणा वर गेला की पोरं ओरडायची, "तो पाहा माह्या बाबाचा क्रेन!" ड्युटी संपवून आलेली मोठी माणसंही बसायची. आपण काय बांधतो आहोत, ते त्यांना खालून कुठे दिसत होतं? वरून दिसायचं.

रविवारच्या बाजारानंतर माझ्या सावलीत एक बैठक जमायची. कारखान्यात फिटर असलेला रामाजी, त्याची नऊ-दहा वर्षांची मुलगी जया, आणि दुर्ग स्टेशनवर ज्यांचा मुलगा नोकरीला होता त्या ठकूबाई, ही त्यातली पक्की मंडळी. विषय एकच. येत्या मंडईत नवीन काय येणार?

"इंजिनावरचा झुला येऊन राहिला," ठकूबाई सांगायच्या. "माह्या पोरानं सोता पाहिला. आख्खा लोखंडाचा. मालधक्क्यावर पडला हाय."

"आणि आरशाचा तंबू?" जया विचारायची.

"तो बी येते. त्यात मानूस लंबा दिसते, नाई तं बुटका."

"मंग हा लाकडाचा कुठी जाईन, बाबा?"

"कोपऱ्यात राहीन," रामाजी हसून म्हणायचा. "म्हाताऱ्याले कोनी हाकलते का?"

मी हे सगळं ऐकत असे. खरं सांगतो, त्या लोखंडी झुल्याचा मला तेव्हा राग नव्हता. मला कोपरा चालला असता.

तो कोपरा ज्याला नको होता, त्याचं नाव भय्याजी. त्या वर्षी मैदानाचा ठेका त्याला मिळाला आणि लोखंडी झुलाही त्याचाच होता. पांढरा पायजमा, तोंडात पान, बोलणं अर्धं हिंदीत. तो केवलरामला म्हणाला, "अपना झुला उठाव. दोन झुले एका मैदानात नाई चालत."

केवलराम म्हणाला, "तुमचा मोठा हाय, भय्याजी. माह्या लहानाचं तुमाले काय भेव?"

भय्याजी माझ्याभोवती एक चक्कर मारून निघून गेला.

पुढच्या रविवारी, दुपारी, केवलराम आणि मथुरा झाडाखाली भाकर खात बसले होते. भय्याजीचा मिस्त्री चिंधू माझ्यापाशी आला. त्याने माझ्या एका पाळण्याची लोखंडी खीळ ठोकून काढली, तिच्या जागी बांबूची खुंटी बसवली आणि वरून काळं ग्रीस फासलं. मला सगळं कळत होतं. मी ओरडू शकत नव्हतो. केवलरामने सकाळी सगळ्या खिळी पाहिल्या होत्या. दुपारी पुन्हा पाहायचं त्याला कारण नव्हतं.

संध्याकाळी त्या पाळण्यात जया बसली.

पाळणा वर गेला आणि खुंटी मोडली. एक बाजू सुटली, पाळणा तिरपा झाला. जया दांडीला लोंबकळून किंचाळत होती. केवलरामने चटकन खांद्याने मला अडवलं. पण एक बाजू जड झाली होती, मी उलटा फिरू लागलो. तेव्हा त्याने आरा आणि खांब यांच्यामध्ये आपला उजवा हात घातला. माझ्याच लाकडाने त्याचा हात चिरडला, मित्रांनो. पण मी थांबलो. लोकांनी जयाला उतरवलं. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं.

गर्दीत पहिला आवाज भय्याजीचा आला. "सडकं लाकूड! मी आधीच बोललो होतो, हा झुला सडलेला हाय!"

आणि माझी माणसं, रोज माझ्या सावलीत बसणारी, माझ्यावर धावून आली. मुलगी मरता मरता वाचली म्हणून रामाजीचं भान सुटलं होतं. त्याने कुणाच्या तरी हातातला घण ओढून घेतला आणि माझा एक पाळणा फोडला. मग बाकीचे पुढे झाले. "बांबूची खुंटी होती! चिंधू दुपारी झुल्यापाशी आला होता, म्या पाह्यला!" असं मथुरा ओरडत होती. पण मोडकी खुंटी तोवर भय्याजीच्या माणसांनी उचलून नेली होती. तिचं कुणी ऐकलं नाही.

केवलरामचा हात कोपरापासून काढावा लागला. माझे खांब आणि आरे भय्याजीने ओढून नेले आणि महिन्याभराने आपल्या लोखंडी झुल्याच्या पायाखाली घातले. जमीन भुसभुशीत होती, म्हणून त्याला मजबूत लाकूड हवं होतं. ज्याला सडकं म्हणून मोडलं, त्याच्यावरच त्याने आपला झुला उभा केला.

त्या दिवसापासून मी एकच इच्छा धरली. हा माणूस पडावा. उंचावरून पडावा, आणि सगळ्यांच्या देखत.

मथुराची इच्छा माझ्याहून निराळी नव्हती. ती त्याच मैदानावर पाणी भरायच्या आणि झाडलोटीच्या कामाला लागली. केवलरामला ते मुळीच आवडलं नाही. तो एकदा तिला शोधत मैदानावर आला.

"त्याच्या दारात काहून जातं?" तो म्हणाला.

"त्याच्या डोयासमोर राहाचं हाय मले," मथुरा म्हणाली. "इसरू नाई देत मी त्याले."

पण भय्याजी सहज विसरला होता. विसरता आलं नाही ते चिंधूला. मथुरा रोज त्याला पाण्याचा गडवा द्यायची आणि एवढंच म्हणायची, "आज त्याईनं डाव्या हातानं भात कालवला." दुसऱ्या दिवशी, "आज त्याईले सदऱ्याची गुंडी लावता नाई आली." चिंधूला पाणी गिळवेना. शेवटी एक दिवस तो माझ्याच लाकडावर मटकन बसला.

"म्याच काढली खीळ, बाई. भय्याजीनं काढाले लावली. म्हने, रिकामा पाळना निखळून पडन, कोनाले लागनार नाई."

"लोकाईसमोर सांग."

"माह्यं कोन ऐकन? तो म्हनन, हाकललं म्हनून बोंबलून राहिला."

मथुराने बराच विचार केला. मग ती म्हणाली, "बरं. तं त्यालेच सांगू दे. तू फक्त मी म्हनीन तवा चाक थांबव, आणि मंग हात बांधून उभा राहाय."

दिवाळी झाली आणि मंडई भरली. तुम्ही तशी मंडई पाहिली नसेल. आरशाचा तंबू खरंच आला होता, लाकडी घोड्यांचं चक्रही आलं होतं, आणि मधोमध दिव्यांनी लखलखणारा, त्या दिवशी पहिल्यांदाच फिरणार असलेला लोखंडी झुला. वर्षभर ज्यावर वाद घातले ते सगळं समोर होतं. रामाजी, जया, ठकूबाई सगळ्यांच्या पुढे उभे होते. पण कुणी बसेना. जयाची किंकाळी अजून लोकांच्या कानात होती.

"घाबरता कशाला?" भय्याजी गळ्यात झेंडूचा हार घालून पुढे आला. "पहिली चक्कर मीच मारतो. देखो!"

तो पाळण्यात बसला. इंजिन धडधडलं, पट्टा फिरला, झुला हलला. त्याचं सगळं ओझं माझ्या अंगावर आलं आणि माझा राग उसळला. तो अगदी वर पोचला, तेव्हा मथुराने खूण केली. चिंधूने चाक थांबवून ब्रेक लावला, इंजिन बंद केलं आणि मथुराने बांबू घालून पट्टा खाली पाडला. मग चिंधूने हात बांधले.

"चिंधू! क्या हुआ? चालू कर!"

चिंधू हलला नाही. मथुरा माझ्या लाकडावर चढून उभी राहिली.

"भय्याजी, मंडळी तुमच्यापासून एक गोष्ट ऐकाले उभी हाय. आमच्या लाकडाच्या झुल्याची खीळ कोनी काढली?"

वरून शिव्या आल्या. "रामाजी! तू फिटर आहेस ना? पट्टा चढव!"

रामाजी पुढे झाला होता. मथुराचा प्रश्न ऐकून तो जागीच थांबला. त्याने एकदा चिंधूच्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिलं, एकदा आपल्या मुलीकडे. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"चढवता येते मले," तो वर पाहून म्हणाला. "पन पहिले तिले जवाब द्या."

तिथे कारखान्यातली निदान शंभर माणसं होती. पट्टा चढवणं त्यांच्यातल्या कुणालाही जमलं असतं. एकाचाही हात पुढे आला नाही. ठकूबाई तर चक्क मांडी घालून खाली बसल्या. "आमाले घाई नाई, बाप्पा," त्या म्हणाल्या.

वारा सुटला. पाळणा करकरू लागला. भय्याजीच्या शिव्या संपल्या, मग नोकरी देतो, दुकान देतो, असं सुरू झालं, मग तेही संपलं. तेव्हा मथुरा शांतपणे म्हणाली, "भय्याजी, तुमच्या पाळन्याची खीळ पाहा बरं. लोखंडाची हाय, का बांबूची?"

त्याने वळून खिळीकडे पाहिलं. तिच्यावर काळं ग्रीस होतं. खाली काय आहे ते दिसत नव्हतं, आणि हात लावून पाहायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने दोन्ही हातांनी दांडी कवटाळली. त्या क्षणी मला काय वाटत होतं, ते लपवत नाही. ती बांबूची असावी आणि आताच मोडावी, एवढंच मला वाटत होतं.

"मीच!" वरून आवाज फुटला. "मीच काढायला लावली! चिंधूला मीच सांगितलं! उतरवा मला, माय, पाय धरतो तुझे!"

ती खीळ लोखंडाची होती. मथुराने सकाळीच पाहून घेतली होती.

रामाजीने पट्टा चढवला आणि भय्याजी खाली आला. त्याचा हार तुटून एका खांद्यावर लोंबत होता. लोक मारायला धावले. मथुराने त्यांना अडवलं.

"कोनी हात नोका लावू. चालत जाऊ द्या त्याले. समदे पाहू द्या."

तो चालत गेला, मिठाईच्या दुकानांसमोरून, घोड्यांच्या चक्रासमोरून, आरशाच्या तंबूसमोरून. लोक रांगा करून पाहत होते. त्याचा ठेका गेला. झुला दुसऱ्याने घेतला, आणि मैदानातल्या लोकांनी एकच अट घातली, की झुला रोज केवलरामने तपासल्याशिवाय फिरायचा नाही.

रामाजी जयाला घेऊन केवलरामकडे क्षमा मागायला आला, तेव्हा मथुरा म्हणाली, "पाळना तुमी बी फोडला व्हता, भाऊ." रामाजीने मान खाली घातली. तिने त्याला चहा दिला. माफ केलं, असं मात्र ती म्हणाली नाही. मीही म्हणालो नाही.

त्यानंतर काही वर्षांनी, मंडईच्या शेवटच्या दिवशी, एक माणूस लहान मुलीचं बोट धरून रांगेत उभा होता. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, नजर जमिनीवर. पायांच्या ठेवणीवरून मी त्याला ओळखलं. मुलगी हट्ट धरून बसली असणार, नाहीतर भय्याजी तिथे आला नसता. तोवर वाळवीने माझा एक कोपरा पोखरला होता. तेवढाच कोपरा त्या दिवशी खचला असता, तर?

केवलरामनेही त्याला ओळखलं. त्याने मुलीला एका हाताने उचलून पाळण्यात बसवलं, दांडी लावली, पाळणा हलवून पाहिला, वाकून पुन्हा पाहिला. मग भय्याजीकडे वळून म्हणाला, "पक्का हाय. जाऊ द्या तिले."

झुला फिरला. मुलगी वर हसत होती. खाली तिचा बाप दोन्ही मुठी आवळून, तोंड उघडं टाकून, पांढराफटक होऊन उभा होता. दर फेरीला तिच्याकडे पाही, मग त्या एका हाताच्या माणसाकडे पाही. याहून मोठी शिक्षा मला सुचली नसती. मी मनसोक्त पाहिलं, आणि पोखरलेल्या अंगाने सगळा भार सावरून धरला.

मित्रांनो, नवा झुला आला की तुम्ही खुशाल धावा. पण फिरणाऱ्या चाकाशी जो खोडी करील, त्याला सोडू नका. आणि पावसाळ्याआधी माझ्या अंगाला डांबर लावा. वाळवी दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत आली आहे, आणि वर तुमची लेकरं बसतात.