समुद्राचा तळ आणि आमचं जातं

२००९ साली आमची मनीषा समुद्रावर गेली. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ही पोर शाळेत होती. पुढं कितीतरी दिवस मुडबीच्या आमच्या घरात भिंतीला हात लावून झोपायची. शिकली तेही भूकंपाचंच. आता जहाजातून खोल समुद्राच्या तळाशी एक यंत्र सोडायचं आणि काही दिवसांनी ते वर काढायचं, असं तिचं काम होतं.

ती निघाली तेव्हा मी चिकुनगुनियानं आखडले होते. वाटी धरवत नव्हती.

"मी जात न्हाई, माय," म्हणून ती भरलेली बॅग उघडून बसली.

मीच तिला घालवलं. "फोन कर. बोलले की कळंलच तुला, मी बरी हाय का न्हाई."

जायच्या आधी तिनं यांना यंत्राचं सगळं समजावून सांगितलं. खाली अंधार, गार पाणी, तरी तळ कधी गप नसतो. वरच्या लाटांचा भार खाली पोचतो आणि जमीन बारीक थरथरत राहते. यंत्र ती थरथर धरतं, त्याची रेघ सारखी हलत असते.

"मग त्या गलक्यात भूकंप कसा वळखायचा?" हे म्हणाले.

"तो दिसतोय उठून, अप्पा. भ्यायचं कधी, तर रेघ सरळ झाली की. यंत्रच मेलं म्हणायचं."

हे हसले. यांचं पोरपण वडिलांच्या मेंढरांमागं माळावर गेलेलं. "आसं व्हय! घंट्या वाजत आसल्या की आमी घोरायचो. गप झाल्या की काठी घिऊन उभं!"

ती गेली आणि मी आमच्या कुळदेवाला, मैलारलिंगाला नवस बोलले. पोर जमिनीला पाय लावेपर्यंत, रोज अंघोळ झाल्यापासून नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. असा नवस ज्याच्यासाठी करायचा त्याला सांगत नाहीत, म्हणून तिला कळवलं नाही. जहाजावरच्या फोनवरून ती बोलायची तीही संध्याकाळीच. सकाळी येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आणि आला तो सकाळीच. हे रानात गेले होते. मी देवाच्या भाकरीसाठी ज्वारी घेऊन जात्याकडं निघाले होते. न उचलावा तर पोर घाबरेल, म्हणून उचलला.

"माय? ऐकू यायलंय का?"

मी गप.

"आज यंत्र वर काढायचंय. आधी तुझा आवाज ऐकावा म्हणलं. माय? कोन उचललंय? पडली का काय माय?"

तिचा आवाज चिरकला. बोलावं तर नवस मोडतो, न बोलावं तर ऐन कामाच्या वेळी पोरीचं ध्यान उडणार. मी देवापुढची घंटा वाजवली.

"कमलअक्का, तुमी हाव का? मग माय कुठंय?"

मी अंथरुणात असताना शेजारची कमलअक्काच येऊन पूजा करायची. घंटेनं उलट घोळच झाला. मैलारा, आता तूच बघ, असं मनात म्हणाले आणि यांच्या त्या घंट्या आठवल्या.

फोन जात्याच्या कडेला ठेवला. मूठभर ज्वारी टाकली, खुंटा धरला. बोटं अजून ठणकत होती, पण फिरत होती. तीन फेरे, जरा दम, पुन्हा मूठ. माझी दळायची रीतच तशी. लहानपणी माझ्या मांडीवर डोकं ठेवून तिनं ती रोज ऐकलेली.

पलीकडं नुसता वारा. मग बारीक आवाज आला.

"माय... हात चालायलेत तुझे?"

मी जातं जोरात फिरवलं.

"मगाची घंटा बी तुझीच? मौन धरलंयस व्हय! आन् मी हिकडं रडायले, सगळे बघायलेत माझ्याकडं." हसली. नाक ओढलं. "थांबू नगं. फिरव. रेघ हालायलीय."

मग तीही बोलली नाही. मी दळत होते, ती ऐकत होती. फोन कधी तुटला ते कळलंच नाही.

हे आले तेव्हा नैवेद्य दाखवून मी नुकतीच उठत होते.

"फोन आलता? काय म्हणली?"

"ती म्हणली सगळं," मी म्हणाले. "जेवलीस का, एवढं इचारायचं ऱ्हायलं माझं."

यांनी जात्याभोवती साचलेलं पीठ बघितलं. "ती जेवंल गं. पर हितं तू आख्ख्या गावाचं दळून ठिवलीस!"