मासे नको होते तिला

मित्रांनो, मी एक जुनी गळाची काठी आहे, आणि सध्या माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे. मला तळपाय नाहीत, हे ठाऊक आहे. मी धड लाकडाचीही नाही. मी संगणकावरच्या एका खेळात राहते. त्यात राक्षस आहेत, जादूगार आहेत आणि एक तळं आहे. नव्या खेळाडूला वेशीवरचा कोळी मला फुकट देतो. तलवार हाती आली की लोक मला फेकून देतात.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला फेकलं नाही. त्यांनी एकही राक्षस मारला नाही. शिलाई मशीनवर झाकण घातलं की त्या संगणकापुढे बसायच्या आणि तळ्यात गळ टाकायच्या.

"मावशी, इथे काही मिळत नाही, पुढे चला," असं एका जादूगाराने लिहिलं होतं. शहाणाच मेला! बाईंना मासे नकोच होते. परगावी राहणारी त्यांची मुलगी चिलखत घालून तिथे यायची आणि शेजारी बसायची.

मुलीने नवऱ्याचं घर सोडलं, तेव्हापासून मायलेकींचं फोनवर दुसऱ्याच वाक्याला भांडण व्हायचं. तळ्याकाठी मात्र मासा लागेपर्यंत थांबावं लागतं, आणि थांबलेलं माणूस जरा बरं बोलतं.

"जेवलीस का?" आई लिहायची.

"जेवले. तुझी पाठ कशी आहे?"

"आहे जागेवर."

एवढंच. पण ते माझ्यामुळे होत होतं, याचा मला अभिमान होता.

मग आला मुलगा, उंटावरचा शहाणा. "आई, इतका वेळ बसून चार मासे? थांब, तुझी सोय करतो."

"नको रे," त्या म्हणाल्या. ऐकतो कोण? त्या गिऱ्हाइकाचे कपडे द्यायला बाहेर पडल्या आणि याने एक प्रोग्राम सुरू केला. आता खेळातल्या बाई आपोआप गळ टाकू लागल्या, आपोआप ओढू लागल्या. संगणकापुढे कुणीच नव्हतं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली.

तेवढ्यात मुलगी आली. शेजारी बसली. बऱ्याच वेळाने तिने लिहिलं, "आई, मी घरी राहायला येऊ का?"

मी पाण्यात पडले. मासा मिळाला.

"नाही म्हणालीस तरी चालेल. पण काहीतरी बोल."

मी पाण्यात पडले. मासा मिळाला. मोडता आलं असतं तर मी तिथेच मोडले असते. मुलगी उठली आणि गेली.

बाई परतल्या तेव्हा पडद्यावर 'मासा मिळाला, मासा मिळाला' अशी रांग लागली होती. लेकीचे शब्द त्या रांगेने वर ढकलून दिसेनासे केले होते.

"ताई आली होती का रे?"

"मला काय माहीत? मासे बघ ना किती!"

बाईंनी तो प्रोग्राम काढायला लावला. त्या अजून रोज येऊन बसतात. मुलगी येत नाही. रुसली असेल, असं त्या म्हणतात; फोन करायला त्यांचा मान आडवा येतो.

मित्रांनो, कुणी सावकाश काही करत असेल तर सोय करण्याआधी त्याला विचारा, आणि तो नको म्हणाला तर ऐका. माझा आवाज बाईंना ऐकू जात नाही. तुमच्यापैकी कुणी त्या तळ्यावर आलात, तर त्यांना एवढंच सांगा: मावशी, त्या माशांच्या रांगेत मागे वर जा, अजून वर, आणि वाचा.